जंतूला माझं नाव

आठल्येसरांनी पेढा माझ्या हातात दिला नाही. थेट तोंडात कोंबला आणि म्हणाले, “वैजयंती, तू अमर झालीस!”

तोंड भरलेलं, त्यामुळे काय झालं हे विचारताही येईना. लॅबमधले सगळे भोवती जमले होते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भाषणाच्या आवाजात जाहीर केलं, की सायवणच्या खाडीतल्या गाळातून मी वेगळा काढलेला जिवाणू ही अगदी नवीन जात आहे, हे परदेशी मासिकानं मान्य केलंय. लेख स्वीकारलाय. आणि त्या जातीला सरांनी नाव दिलंय ‘मयेकरी’.

मयेकर म्हणजे मी. टाळ्या झाल्या. मी पेढा कसाबसा गिळला, वाकून सरांच्या पायांना हात लावला आणि धावत बाहेर जाऊन बाबांना फोन केला. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. फोनमुळे कमी, त्या नमस्कारामुळे जास्त.

“बाबा, एका जंतूला आपलं नाव दिलंय!”

“जंतूक?” बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मागे कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. “खंयच्या जंतूक? रोगाच्या?”

“रोगाचा नाही हो. चिखलात राहतो, कुणाला काही करत नाही. सगळ्या जगाच्या पुस्तकांत आता मयेकर लागणार.”

“मयेकर लागतला?” बाबांनी हातोडा थांबवायला लावला. “परत सांग गो. ह्या सगळ्यांका आयकूं दी.”

मी परत सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्कशॉपला पेढे मिळाले होते.

हे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. कोकण किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञान संस्थेत मी पीएचडी करत होते आणि डॉ. गजानन आठल्ये माझे गाइड होते. काम होतं खाडीच्या गाळातले जिवाणू शोधायचं. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं, नळी खुपसून खालचा काळा गाळ काढायचा. त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो आणि तो केसांतून दोन-दोन दिवस जात नाही. त्या चिमूटभर गाळात कोट्यवधी जिवाणू. त्यांतला एकच वेगळा काढून एकट्याला वाढवायचा आणि मग तो कोण, कुठला हे विचारत बसायचं. मीठ किती सोसतो, कुठली साखर खातो, पोहतो की पडून राहतो. शेवटी त्याच्या जीनचा एक ठरावीक तुकडा वाचून जगातल्या ओळखीच्या जातींशी ताडून पाहायचा. स्थळ बघताना कूळ-गोत विचारतात तसाच प्रकार, फक्त इथं कुठंच जुळलं नाही तर आनंद.

माझा हा जिवाणू पहिल्यांदा काचेच्या प्लेटवर उगवला तेव्हा सर म्हणाले होते, “कंटॅमिनेशन आहे. फेकून दे.” म्हणजे बाहेरची घाण पडलीय. मी ‘हो सर’ म्हटलं आणि फेकली नाही. फिकट शेंदरी ठिपके होते आणि त्यांच्या कडा रोज थोड्या थोड्या पसरत होत्या, कारण हा पठ्ठ्या पोहणारा होता. त्याच्या खोड्या मात्र फार. नेहमीच्या खाद्यात वाढायचा नाही. त्याच खाडीचा गाळ उकळून, गाळून, ते पाणी घातलं तरच वाढायचा. आणि त्याला थंडी चालायची नाही. आमच्या धंद्यात कल्चर, म्हणजे वेगळे वाढवलेले जिवाणू, तयार झालं की फ्रीजमध्ये टाकायचं ही हाताचीच सवय असते, विचार करावा लागत नाही. हा फ्रीजमध्ये एका रात्रीत मरायचा. उबदार चिखलातला प्राणी तो! मी पुन्हा पुन्हा वाढवायची, पुन्हा पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून मारायची, आणि चुकतंय कुठं हे समजायला मला अख्खा पावसाळा लागला. समजलं तेव्हा मी उड्या मारत सरांना सांगायला गेले. सर म्हणाले, “हं.”

जीन वाचण्याचं मशीन आमच्याकडे नव्हतं. ते काम पुण्याला सरांच्या भाच्यानं, कौस्तुभनं करून दिलं. मी नमुना पाठवला, त्यानं निकाल पाठवला. सगळ्यांत जवळची जातसुद्धा बरीच लांबची निघाली, तेव्हा कुठे सरांना तो जिवाणू आपला वाटायला लागला.

तर त्या पेढ्याच्या दिवशी संध्याकाळी रेहाना माझ्या टेबलाशी आली. रेहाना मुकादम माझ्याच वर्षाची, शेजारच्या टेबलावर शिंपल्यांवर काम करायची.

“एक विचारू? रागावू नकोस,” ती म्हणाली. “लेखक कोण कोण आहेत?”

“कशाचे?”

“तुझ्या लेखाचे गं.”

“मी, सर आणि कौस्तुभ. मसुदा मीच लिहून दिला होता ना.”

“मग जंतूला तुझं नाव कसं चालेल?”

आमच्या क्षेत्रात एक संकेत आहे. नव्या जातीला नदीचं नाव द्या, गावाचं द्या, गुरूचं द्या, पण स्वतःचं द्यायचं नाही. लेख लिहिणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव त्या जातीला देणं हे निर्लज्जपणाचं समजतात आणि मासिकं ते चालवून घेत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. आनंदात माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

जातीला मयेकर लागलं असेल, तर लेखकांत मयेकर असूच शकत नव्हती.

आणि मला लेखकांत असणं भागच होतं. आपलं नाव लेखक म्हणून छापलेला एक तरी लेख असल्याशिवाय आमचं विद्यापीठ प्रबंध घेत नसे. माझ्याकडे हा एकच लेख होता. फेलोशिप दोन महिन्यांत संपणार होती. लेख गेला की प्रबंध गेला, प्रबंध गेला की पाच वर्षं चिखलात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले.

“सर, लेखकांत माझं नाव आहे का?”

“बस ना, उभी का?”

“आहे का?”

“आभारात आहे की! चांगल्या दोन ओळी घातल्यात.”

“लेखक कोण आहेत?”

“मी आणि कौस्तुभ.” सर कागद जुळवायला लागले. “त्याचं अमेरिकेचं चाललंय. त्याला एखादा भक्कम लेख हवा होता. मग म्हटलं, तुला त्याहून मोठं काहीतरी देऊ.”

“कौस्तुभनं खाडी पाहिली आहे का हो?”

“हे बघ वैजयंती, लेखक येतात नि जातात. वीस वर्षांनी कोण कुणाला विचारतो? जातीचं नाव मात्र कायमचं राहतं. माझं नाव आहे का कुठल्या जंतूला? नाही. आपलं आडनाव कधी लॅटिनमध्ये जाईल असं तुमच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का? वडील काय करतात तुझे? एस.टी.त आहेत ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला रागात नीट बोलता येत नाही, रडू येतं. आणि रडले असते तर ‘आनंदाश्रू’ म्हणायलाही त्यांनी कमी केलं नसतं. म्हणून दात आवळून म्हटलं, “मला लॅटिनमध्ये जायचं नाही सर. मला प्रबंध द्यायचाय.”

“दुसरा लेख लिहू की. वर्षभरात.”

“फेलोशिप दोन महिन्यांची राहिलीय.”

“तेव्हाचं तेव्हा बघू. शनिवारी तुझा सत्कार ठेवलाय. तात्यासाहेब येताहेत. तुझ्या आईवडिलांनाही मी स्वतः फोन करून बोलावलंय.” तात्यासाहेब पारकर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, संस्थेची जमीन त्यांनीच दिलेली. “आता असं तोंड करू नकोस. आणि हो, एक काम आहे. जर्मनीला नमुना पुन्हा पाठवायचाय.”

नव्या जातीचा नियम असा, की तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. त्याशिवाय नाव लागत नाही. आपल्याकडच्या संग्रहात मी स्वतः जाऊन देऊन आले होते, नळ्या मांडीवर रुमालात गुंडाळून. जर्मनीचा नमुना कौस्तुभनं पुण्याहून पाठवला होता. तो मेलेला पोचला होता.

“कुरिअरवाल्यांनी उन्हात टाकला असणार,” सर म्हणाले.

“बर्फात घालून पाठवला होता का?”

“म्हणजे काय! असाच थोडा पाठवतात?”

“सर, मी सांगितलं होतं की तो थंडीत...”

“शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ताजं कल्चर माझ्या टेबलावर हवं,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. “सोमवारी गेलं नाही तर मासिक लेख मागे ठेवेल.”

“देऊच नकोस,” मी सगळं सांगितल्यावर रेहाना म्हणाली. “जंतू तुझ्या हातात आहे. म्हणावं, आधी नाव घाला.”

“संस्थेची मालमत्ता दाबून ठेवली म्हणून माझ्यावरच ओरडतील.”

“मग ओरडू दे. तूही ओरड.”

पण ते चार दिवस मी कुणावरच ओरडले नाही. नुसती आतल्या आत धुमसत राहिले. बाबांचा रोज फोन यायचा. त्यांनी शनिवारसाठी नवा शर्ट शिवायला टाकला होता. आई विचारायची, काठाचा लुगडा नेसू काय गो, की साधाच? त्यांना काय सांगणार होते मी? की तुमच्या पोरीला ज्या हातानं शाल देणार, त्याच हातानं तिचं काम काढून घेतलंय? आणि खरं सांगायचं तर बाबांच्या त्या आवाजाचाही मला राग येत होता. इतका आनंद त्यांना माझ्या पहिल्या नंबरानंही झाला नव्हता.

कल्चर मात्र मी केलं. जिवाणूनं माझं काय वाकडं केलं होतं? त्याच्यावर राग काढून काय मिळणार? शुक्रवारी संध्याकाळी नळ्यांचा स्टँड सरांच्या टेबलावर ठेवला. सर लाउडस्पीकरवाल्याशी फोनवर भाव करत होते.

“सर, हे बाहेरच राहू द्या,” मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे न बघता हात हलवला, म्हणजे जा. मी गेले.

सत्कार व्हायचा तसा झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. निवेदिका म्हणाली, आपल्या विद्यार्थिनीला अमरत्व देणारे असे गुरू विरळाच. सर मान खाली घालून हसले. मग सरांचं भाषण झालं. हा सूक्ष्म जीव कसा शेपटी मारत पोहतो, कसा आपल्या सायवणच्या गाळातून जगाच्या नकाशावर गेला, सगळं माझ्याच मसुद्यातलं. एका ठिकाणी तर माझी उपमाही जशीच्या तशी. पहिल्या रांगेत बाबा नव्या शर्टात ताठ बसले होते आणि प्रत्येक वाक्याला टाळी वाजवत होते. प्रत्येक टाळी मला थोबाडीत मारल्यासारखी लागत होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी ‘आभारी आहे’ म्हटलं आणि खाली बसले. लोकांना तो विनय वाटला.

कार्यक्रम संपला असं वाटत असतानाच तात्यासाहेब पारकर उठता उठता म्हणाले, “आठल्ये, जंतू बघूक मिळात काय? नाव ठेवलात, बारसा केलात, आता बाळ तरी दाखवा!”

सगळे हसले. सरांना तर हवंच होतं. “चला, चला,” म्हणत त्यांनी तात्यांना पुढे घातलं आणि पाहुणे, माझे आईबाबा, रेहाना, अशी आमची वरात लॅबमध्ये आली.

सर सरळ फ्रीजपाशी गेले. सकाळपासून त्यात सत्काराचे हार आणि पेढ्यांचे खोके ठेवलेले होते. सरांनी खोके बाजूला केले, मागे हात घातला आणि माझ्या नळ्यांचा स्टँड बाहेर काढला. नळ्यांवर बाहेरून दव धरलं होतं.

“सर, हे फ्रीजमध्ये होतं?”

“मग काय खिडकीत ठेवू?” सर पाहुण्यांकडे बघून हसले. “काल जाताना माझ्या हातानं नीट आत ठेवलं. स्लाइड कर, चल.”

थेंब घेतला, काच ठेवली, मायक्रोस्कोप लावून दिला. आत काय दिसणार हे मला न बघताही माहीत होतं. तात्यांनी एक डोळा मिटून दुसरा लावला.

“ठिपके दिसतंत. पण हलना नाय काय.”

“झोपलेत!” सर म्हणाले. पुन्हा हशा.

“शेपटी मारीत पोवतंत, असा तुम्हीच आता भाषणात सांगलात मां?”

सरांनी स्वतः डोळा लावला. स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला, काच सरकवली. हशा हळूहळू बंद झाला आणि सर अजून वाकलेलेच होते.

“मेलेत,” मी म्हटलं.

“असे कसे मरतील?”

“थंडीनं. हा थंडीत मरतो, सर. मी तोंडानं सांगितलं. लेखात लिहून दिलं, तर तुम्ही ते वाक्य अनावश्यक म्हणून खोडलंत. जर्मनीत बर्फात घालून मारला, इथे पेढ्यांशेजारी ठेवून मारला. तुम्ही याचे लेखक ना? मग लेखकाला एवढंसुद्धा माहीत नाही?”

माझा आवाज मासळीबाजारातला झाला होता. लॅबमध्ये इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

“वैजयंती, पाहुणे आहेत,” सर दातांतल्या दातांत म्हणाले. “तुझ्याकडे दुसरं असेलच. काढ ते.”

असणारच होतं. कपाटातला माझ्या कल्चरचा फ्लास्क मी काढला, नवीन स्लाइड केली आणि तात्यांच्या आधी आईला हाक मारली. आईनं पदर खोचला, घाबरत घाबरत डोळा लावला.

“अगो बाय माझे!” ती ओरडली. “ह्ये बघा कसे नाचतंत! हयसून थय, थयसून हय! ह्येच काय गो ते आमचे मयेकर?”

“हेच.”

मग बाबांनी बघितलं, तात्यांनी बघितलं. खोलीत पुन्हा जीव आला. सरांनी घाम पुसला आणि फ्लास्ककडे हात केला.

“छान. हा मी सोमवारी पाठवतो.”

“लेखकांत माझं नाव घाला, देते,” मी म्हटलं.

“हे संस्थेचं आहे!”

“मग घ्या की. धरा. याच्या खाद्यात काय घालतात ते ठाऊक आहे ना? नसेल तर पुण्याला फोन करून भाच्याला विचारा.”

सरांनी हात पुढे केला नाही. फ्लास्क माझ्याच हातात राहिला.

“माका एक कळणा नाय,” तात्या म्हणाले. “हिचा नाव दिलात मां जंतूक? मगे आणि खंयचा नाव व्हया हिका?”

“तात्या, हे काम मी केलं,” मी म्हटलं. “पण काम केलं म्हणून जी नावं छापून येतात, त्यांत मी नाही. सर आहेत आणि त्यांचा भाचा आहे. आमच्यात असा संकेत आहे की ज्याचं नाव जंतूला, त्याचं नाव तिथं चालत नाही. म्हणून जंतूला माझं नाव दिलं. आणि तिथं नाव नसेल तर विद्यापीठ माझा प्रबंध घेणार नाही. पाच वर्षं फुकट.”

“नाव सोनूबाई आणि हाती कथलाचो वाळो,” आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तात्यांनी सरांकडे पाहिलं. “असा आसा?”

“तसं ते एवढं सोपं नसतं, तात्यासाहेब.” सरांनी आवाज मऊ केला आणि बाबांकडे वळले. “मयेकर, तुम्ही तरी मुलीला समजवा. ती म्हणते तसं केलं तर ‘मयेकरी’ हे नाव काढावं लागेल. कायमचं. ही शाल, हा सत्कार, सगळ्याला काही अर्थ उरणार नाही. तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगितलं असेल. पेढे वाटले असतील. आता काय सांगणार त्यांना? तुमच्या घराण्याचं नाव होतंय हो!”

त्या क्षणी त्या माणसाचा मला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आलेला नाही. माझं काम घेतलं ते घेतलं, आता माझ्यासमोर माझाच बाप उभा करत होता. आणि वाईट हे, की तो पत्ता चालणार अशी मलाही भीती वाटत होती.

“बाबा,” मी म्हटलं, “नाव जाणार. तुम्ही वर्कशॉपमध्ये सांगून बसलात.”

बाबांनी मला एवढंच विचारलं, “थंय नाव नसला तर तुझी परीक्षा होवची नाय?”

“नाही.”

बाबा पुढे आले. माझ्या खांद्यावरची शाल त्यांनी काढली, तिची नीट घडी घातली आणि फ्रीजवर ठेवली.

“सायब,” ते सरांना म्हणाले, “सव्वीस वर्सां गाड्यो दुरुस्त करतंय. एकाय गाडयेक माझा नाव कोणी देऊक नाय. पण मस्टरावर माझा नाव आसा, म्हणान माका पगार गावता. तिचा मस्टरावर घाला. गाडयेक तुमका काय व्हया ता नाव दिया.”

बाबांचा चेहरा पडला होता, हे मात्र मला दिसत होतं. नाव गेल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुढे कितीतरी दिवस वर्कशॉपमध्ये त्यांची चेष्टा झाली. त्याचाही हिशेब मी सरांच्याच खात्यावर मांडते.

“आठल्ये,” तात्या म्हणाले, “काय ता आत्ताच करा. सोमवार कित्याक?”

“आज शनिवार आहे, संपादक...”

“तेंका जेव्हा वाचूचा तेव्हा वाचतीत. तुम्ही धाडा.”

सर संगणकासमोर बसले. मी फ्लास्क हातात घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. लेखकांच्या यादीत बदल आहे, असं त्यांनी संपादकांना लिहिलं. माझं नाव त्यांनी शेवटी टाकलं. मी म्हटलं, “पहिलं.” त्यांनी वर टाकलं. मग जातीच्या नावाशी येऊन त्यांची बोटं थांबली. ‘मयेकरी’ त्यांनी खोडलं आणि पडद्यावर ती जागा रिकामी राहिली.

“नाव रिकामं सोडता येत नाही,” ते म्हणाले. “काय घालू?”

“कौस्तुभचं घाला.”

सर खुर्चीत गर्रकन वळले. “भलतंच काय! त्याचं नाव जंतूला दिलं तर त्याला लेखकांतून काढावं...”

आणि ते थांबले. तात्या बघत होते. आई, बाबा, रेहाना, सगळेच बघत होते.

“बोला ना, सर,” मी म्हटलं. “त्याच्यासाठी ते भलतंच कसं?”

सरांनी तोंड फिरवलं आणि खाडीचं नाव टाइप केलं. मेल गेल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत मी फ्लास्क हातातून सोडला नाही.